इंजिन कोमट होतं

जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवायचं असेल तर सुटं इंजिन आणायचं नाही, अख्खी गाडी आणायची. लातूरला गॅरेज चालवलं तेवढी वर्षं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच सांगत आलो. सुटं इंजिन पोत्यातल्या मालासारखं, बांधून दिलं ते घ्यायचं. गाडीतलं इंजिन सुरू करून बघता येतं, शिवाय गिअरबॉक्स, रेडिएटर, वायरिंग सगळं त्याच्या मापाचं मिळतं. मागून ठोकलेली गाडी सगळ्यात बरी, कारण मार पाठीला बसलेला असतो, पुढचं इंजिन शाबूत राहतं. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली फुकट दिली तरी घ्यायची नाही. आणि बघायला जायचं ते सकाळी, न सांगता. मालकाशी बोलायच्या आधी इंजिनावर हात ठेवायचा. गार पाहिजे. कोमट लागलं तर समजायचं, आपण यायच्या आधी मालकानं ते तापवून ठेवलंय. म्हणजे गार असताना ते सुरू होत नाही, म्हणजे आतून गेलंय. तिथूनच मागं फिरायचं.

हे सगळं मला येत होतं. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं जे झालं त्याला चूक म्हणायची सोय राहणार नाही.

माझा साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, भांडी विकायचा. दुकान नव्हतं, आठवडी बाजार करायचा. आज शिरूर अनंतपाळ, उद्या दुसरं गाव, परवा तिसरं. सरकारी लिलावात घेतलेली एक पेट्रोल जीप होती. दिवस उगवायच्या आत तो आणि माझी मेहुणी ताटं, पातेली, पराती तिच्यात रचायचे आणि निघायचे. बाजारात जागा कुणाच्या नावावर नसते. रोजच्या ठिकाणी तुमची ताडपत्री दिसते तोवर ती तुमची. दोन-चार बाजार दिसली नाही की शेजारचा हळूच सरकतो, आणि एकदा सरकलेला माणूस मागं जात नाही. म्हणून गाडी वेळेवर पोचणं हाच त्यांचा धंदा होता. पण पेट्रोल सगळं खाऊन टाकत होतं. साडू माझ्याकडं आला आणि म्हणाला, डिझेल करून द्या. गाडी मात्र तुम्हीच बघायची. त्याला चमच्यातलं कळत होतं, इंजिनातलं नाही.

नांदेडला भंगारवाल्यांकडं आम्ही दोघं हिंडलो. बऱ्याच गाड्या बघितल्या आणि सोडल्या. मग एक मिळाली. मागून ट्रकनं दाबलेली, मागची सीट पार पुढं आलेली, पण बॉनेटला ओरखडा नव्हता. भंगारवाला खुर्चीतून उठलासुद्धा नाही. "हात लगाके देखो भाई, रात का ठंडा है," म्हणाला. खरंच गार होतं. किल्ली फिरवली आणि पहिल्या झटक्याला सुरू झालं. ऑइलचं झाकण काढलं तर आतून गेलेल्या इंजिनासारखी तोंडावर धुराची फुंकर आली नाही. मी साडूला म्हणालो, हीच. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. येताना त्यानं रस्त्यात थांबून जिलेबी घेतली.

घरी आलो तर बायको म्हणाली, देगलूरहून फोन होता.

देगलूरचे लोक आमच्या लेकीला बघून गेले होते. पोहे खाल्ले, चार प्रश्न विचारले, कळवतो म्हणाले आणि कळवत नव्हते. त्याच्या आधीही तीन-चार ठिकाणांहून बघून गेले होते आणि कुणी कळवलं नव्हतं. पाहुणे येणार म्हटलं की लेक स्वतःहून तीच साडी काढून ठेवायची. बायकोचा जीव त्या फोनला टांगलेला. आणि फोन आला तो गाडीचा. मुलाच्या वडिलांची आडत होती, जोडीला जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री. आम्ही डिझेल गाडी शोधतोय हे त्यांच्या कानावर गेलं होतं. घरात गाडी असताना तुमचे मालक नांदेडला काय हिंडून राहिलेत, असं ते हसत म्हणाले म्हणे. पसंतीचं काही बोलले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

मी साडूला सांगितलं, नांदेडची कुठं पळून जात नाही, देगलूरची एकदा बघून येऊ. तो बरं म्हणाला.

सोयरीक जुळायची आहे अशा घरी न सांगता जाता येत नाही. मी आदल्या दिवशी फोन करून येतो म्हणून सांगितलं. सांगताना मला कळत होतं मी काय करतोय ते.

थंडीचे दिवस. देगलूरला पोचलो तेव्हा ते पूजा आटोपून, विभूती लावून ओसरीत बसले होते. चहा झाला. मग आम्हाला मागच्या आवारात घेऊन गेले. गाडीचा पत्रा गंजलेला होता, पण त्याच्याशी आम्हाला काही घेणं नव्हतं. देगलूरकडं बोलताना तेलुगू मिसळतं, ते बॉनेटवर थाप मारून म्हणाले, "इंजन एकदम मंची हाय. मंची म्हंजे चांगलं."

मी बॉनेट उघडलं आणि हात ठेवला.

त्या थंडीत सगळं आवार गार होतं. लोखंडी फाटक गार, बाजूच्या टपाची कड गार. इंजिन मात्र कोमट होतं. मी हात काढला नाही. मुलाचे वडील माझ्या हाताकडं बघत होते, नंतर तोंडाकडं. मला वाटतं त्यांनाही कळलं होतं की मला कळलंय. स्वयंपाकघराच्या खिडकीत मुलाची आई उभी होती. किल्ली फिरवली, सुरू झालं. होणारच. ऑइलचं झाकण मी काढलंच नाही. काढलं असतं तर साडूलाही दिसलं असतं.

साडू माझ्या शेजारी येऊन हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, तुम्ही हाव म्हणलात तर घेतो. न्हाई म्हणलात तर आत्ता निघू."

"घे," मी म्हणालो. "चांगली हाय."

आठ दिवसांत पसंतीचा निरोप आला. बायकोनं देवाजवळ पेढे ठेवले. त्या दिवशी गॅरेजमध्ये मी साडूच्या जीपमध्ये ते इंजिन बसवत होतो.

उरलेल्या थंडीत ते कुरकुरत चाललं, उन्हाळ्यात बरं चाललं. पुढच्या थंडीत पहाटे सुरू होईना. साडू आणि मेहुणी अंधारात जीप ढकलायचे, कधी शेजारचे दोघं-तिघं उठवायचे. उशिरा पोचायचे, कधी पोचायचेच नाहीत. निळा धूर, ऑइलचा खप. मला फोन यायचा, मी जायचो, काहीतरी आवळून यायचो. शेवटी भरल्या मालासकट शिरूरच्या अलीकडं ते जाम झालं. ट्रॅक्टरनं ओढून गॅरेजला आणलं.

मी ते उघडलं तेव्हा दोघंही समोर उभे होते. आतलं सगळं मला अपेक्षित होतं तसंच होतं. सिलिंडर घासून गेलेले, हेडला आधीच कधीतरी जोड मारलेला. मेहुणीनं विचारलं, "दाजी, कशामुळं झालं हो?"

मी कापडानं हात पुसत होतो. साखरपुडा झाला होता, लग्नाची तारीख निघाली होती. मी साडूकडं बघून म्हणालो, ऑइल बघितलं न्हाईस वेळच्या वेळी. ऑइलशिवाय पळवलं तर कुठलंबी इंजन बसंलच.

तो म्हणाला, "माझ्याकडूनच ऱ्हायलं असंल भाऊ."

मेहुणी त्याला घरी गेल्यावर बोलली. पुढं वर्षानुवर्षं बोलत राहिली, ते माझ्या बायकोकडून मला कळायचं. एक ऑइल बघायचं होतं, तेवढं झालं न्हाई या माणसाला. जीप भंगारात गेली. बाजारातल्या जागा एकेक करून सरकल्या. तो काही दिवस बसनं गाठोडं घेऊन जायचा, पण पराती-घागरी बसमध्ये किती नेणार. मग लातूरला दुसऱ्याच्या भांड्यांच्या दुकानात कामाला लागला. मालकाच्या पोरानं सांगितलं की शिडीवर चढायचं, पातेलं काढून द्यायचं. मी त्याला कधीमधी मदत केली. तो दर वेळी संकोचून हात जोडायचा, आणि मी ते जोडू द्यायचो.

लेकीचं बरं चाललंय. हे लिहायला पाहिजे, कारण तेच खरं आहे. नवरा चांगला आहे, सासूही. तिचं वाईट झालं असतं तर मला निदान शिक्षा झाल्यासारखं वाटलं असतं.

गेल्या साली नातवाचं बारसं होतं देगलूरला. साडू-मेहुणी एसटीनं आले. पंगत उठल्यावर सगळे बसले होते, आणि व्याही साडूकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "हे आमचे पाहुणे. माझं मंची इंजन दिलं यांना, तर यांनी गोडं तेलसुदीक घातलं न्हाई त्यात." सगळी ओसरी हसली. साडूही हसला. मान खाली घालून, पानाला चुना लावत. मेहुणी तेवढी उठून आत गेली. मीही हसलो होतो. ते मला परतीच्या रस्त्यावर, उदगीर मागं पडल्यावर ध्यानात आलं.

चार दिवसांनी मी त्यांच्या खोलीवर गेलो. दुकानाला सुट्टी होती. मेहुणी भाकरी करत होती, साडू खाली बसून शर्टाला गुंडी लावत होता. मी पाणीही घेतलं नाही. घेतलं असतं तर बोललो नसतो. सगळं सांगितलं. नांदेडची गाडी, फोन, कोमट इंजिन, न उघडलेलं झाकण. मग ऑइलचं. म्हणालो, इंजिन आणायच्या आधीच मेलेलं होतं. ऑइलमुळं झालं नाही. मला माहीत होतं.

मेहुणीनं तवा उतरवून ठेवला. माझ्याकडं बघितलं नाही, नवऱ्याकडं बघितलं. 

साडूनं सुई कापडात टोचून ठेवली आणि मान हलवली.

"न्हाई भाऊ," तो म्हणाला, "तुम्हाला आठवत नसंल. दिवाळीच्या गर्दीत माझ्याकडून ऑइल बघायचं ऱ्हायलं होतं. दोनदा ऱ्हायलं होतं."

मी म्हणालो, त्यानं काही फरक पडत नव्हता. दोनदा काय, रोज बघितलं असतं तरी ते बसणारच होतं. मी ते पुन्हा पुन्हा सांगितलं, हेडचा जोड सांगितला, सिलिंडर सांगितले. तो लहान पोराला समजवावं तसा मला समजावत होता. लेकीच्या सासरबद्दल असं मनात आणू नये, माणसं चांगली आहेत. गाडी त्याची होती, बघायचं काम त्याचं होतं. तो हे अगदी खात्रीनं बोलत होता.

"ऐका की त्यांचं," मेहुणी म्हणाली. "दाजी सांगून ऱ्हायलेत ना."

"त्यांना वाईट वाटतंय म्हणून बोलतेत ते," साडू तिला म्हणाला. आणि पुन्हा सुई उचलून गुंडी लावायला लागला.