गरम इंजिनाची सुई

लडाखच्या पोस्टिंगवर मी वर्कशॉपचा हवालदार मेकॅनिक होतो. साडेपाचला इंजिनं सुरू करायची, सहाला ऑईल, ब्रेक, टायर तपासायचे, सातला काफिला सोडायचा. शहाणपणाचा तोरा मला भारी होता. मीटरपेक्षा माझे कान खरे, असं मी जवानांना ऐकवायचो.

एका सकाळी नायक सुखदेवच्या जुन्या गाडीत ऑईल प्रेशर कमी दिसलं. मी नवा सेन्सर बसवला. सुई झटक्यात वर गेली. थंड ऑईल घट्ट असतं, दाब फुगवून दाखवतं, हे मला पाठ होतं. तरी इंजिन तापेपर्यंत थांबलो नाही. काफिल्याला उशीर होत होता.

मी मागच्या रिकव्हरी गाडीत होतो. नऊ वीसला घाटात वायरलेस सेटवर सुखदेवचा आवाज आला.

"उस्ताद, सुई फिर नीचे. रोक दूँ? ओव्हर."

"मीटर झूठा है. चलते रहो. आउट."

नऊ चाळीसला, नेमकं दरडी कोसळणाऱ्या टप्प्यात, त्याचं इंजिन जाम झालं. गाडी हलेना. वरून दगड आले. आम्ही पोहोचलो तेव्हा तो गेला होता.

आता फौज सोडून गावाकडे, सिहोऱ्याला माझं गॅरेज आहे. यंदा रोवण्याच्या दिवसांत बपेऱ्याचे धनराजभाऊ जुनी पिकअप घेऊन आले. मागे भात रोवायला निघालेल्या बारा बाया.

"फौजी, सुई खोटी दाखवून राहिली. सेन्सर बदलून द्या, निघतो."

"चाबी द्या. इंजिन गरम होऊ द्या."

"काहून? बाया खोळंबल्या ना जी!"

"मंग पायी जाऊ द्या."

सेन्सर काढून त्या जागी मी दाब मोजायचं हातातलं गेज लावलं. सुरुवातीला दाब उत्तम. बाया कुरकुरल्या, धनराजभाऊ घड्याळ दाखवू लागले. मी गेजपुढून हललो नाही. वीस मिनिटांनी काटा शून्याला टेकला. इंजिन बंद करून खालचं ऑईलचं चेंबर उघडलं, तर ऑईलात बेअरिंगचा चमकता भुगा.

"तुमाले पहिलेच कसं समजलं?" धनराजभाऊंनी हळूच विचारलं.

मी त्यांना सुखदेवचं नाव सांगितलं. पुढचं तोंडातून निघालं नाही, ते इथे लिहितो. त्या वेळी सेटवर आम्ही दोघंच होतो, तिसऱ्या कुणी ते बोलणं ऐकलं नव्हतं. चौकशीच्या कागदात 'ड्रायव्हरने सुईकडे दुर्लक्ष केले' असं आलं, त्याखाली साक्षीदार म्हणून मी सही केली. त्याच्या बायकोलाही तेच कळवलं गेलं. नायक सुखदेवने थांबायची परवानगी मागितली होती. मी दिली नाही.