खंडेनवमीचं मशीन

मी तोंडाने वाईट माणूस आहे. तळोज्याला एका केमिकल कंपनीत तीस वर्षं फिटर होतो. हाताखालची माणसं मला पाठीमागे काय म्हणायची ते मला ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोलू, त्याचं मला कौतुकच वाटायचं. रिटायर झालो तरी फरक पडला नाही. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात ना, तसला मी.

आमच्या घणसोलीच्या सोसायटीत एक माळी होता, साताऱ्याकडचा. वयाने माझ्याएवढाच, पण मी त्याला अरेतुरे करायचो आणि तो मला साहेब म्हणायचा. पंप रूमच्या मागच्या खोलीत नवरा-बायको राहायची. गुडघे गेले होते त्याचे. लॉनवर फतकल मारून कात्रीने गवत कापायचा. इकडचं टोक संपेपर्यंत तिकडचं पुन्हा वाढलेलं असायचं. तक्रारी झाल्या. नवा सेक्रेटरी, ऑफिसातला गुळगुळीत माणूस, त्याने सांगून टाकलं की दसऱ्यानंतर गार्डनचं काम कॉन्ट्रॅक्टरला देणार. म्हणजे माळ्याची नोकरी जाणार आणि नोकरीबरोबर डोक्यावरचं छप्परही.

पंप रूममध्ये गवत कापायचं एक जुनं मशीन पडलेलं होतं. विलायती, पेट्रोलवर चालणारं, पुढे पात्यांचा गोल ड्रम, मागे जड रोलर, अंग सगळं बिडाचं. सोसायटी नवी असताना कुणा मेंबरने कुठल्याशा बंगल्यातून उचलून आणलं होतं. दोन पावसाळे चाललं, मग त्याच्यावर रंगाचे डबे आणि मांडवाचे बांबू चढले. गणपती उठल्यावर एका सकाळी माळी माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"साहेब, त्ये मशीन चालू झालं तर मला कोन काडनार न्हाई. तुमी फिटर हायसा."

मी सेक्रेटरीकडे गेलो. तो म्हणाला, "काका, कशाला टेन्शन घेता? भंगार आहे ते." भंगार! माझं डोकंच फिरलं. माळ्याची दया-बिया काही नव्हती, त्या एका शब्दासाठी मी त्यात हात घातला. म्हटलं, दसऱ्याला सगळे खाली जमतात, तेव्हा सगळ्यांसमोर अख्खं लॉन कापून दाखवतो. कापलं तर माळी राहील. सेक्रेटरी हसत बरं म्हणाला.

मशीन उघडलं तर आत उंदराचं घर. सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीने चिखल भरलेला. पिस्टन गंजून असा धरलेला की चालू करायची दोरी तसूभर हलेना. प्लग काढून भोकातून रॉकेल आणि ऑइल सोडलं आणि आठ दिवस तसंच ठेवलं. माळी रोज येऊन विचारायचा, "सुटला का?" मी म्हणायचो, "तुझ्या गुडघ्यात एवढं ऑइल सोडलं असतं तर तोही सुटला असता." तो हसायचा. नवव्या दिवशी पिस्टन सुटला. कार्ब्युरेटरमध्ये जुनं पेट्रोल सुकून काकवीसारखं चिकटलं होतं. ते धुतलं, जेटचं भोक बारीक तारेने मोकळं केलं. पॉइंट घासले. मग स्पार्क बघायचा होता. प्लगची वायर माळ्याच्या हातात दिली, म्हटलं, "हे धर जरा," आणि दोरी खेचली.

तो जागच्या जागी उडाला. मी पोट धरधरून हसलो. कंपनीत नव्या माणसाला आम्ही असंच करायचो. तो हात चोळत म्हणाला, "आलं की वो साहेब करंट!" त्याला खरंच आनंद झाला होता. मला त्याचं आणखीच हसू आलं.

पात्यांना धार लावायला त्यालाच बसवला. पात्यांना घासायची पेस्ट लावून ड्रम हाताने उलटा फिरवत राहायचं, दुसरं काही नाही. दोन दिवस बसून होता. शेवटी मी वर्तमानपत्राची पट्टी पात्यांत धरली आणि ती कात्रीने कापावी तशी सरळ कापली गेली. अष्टमीच्या संध्याकाळी मशीन पंप रूमच्या मागे चालवलं. काय आवाज! एकसुरी, घुमणारा. माळ्याची बायको दारात पदर तोंडाला लावून उभी होती. मी मशीन बंद केलं आणि सवयीने टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद केला. कंपनीत हे मी लोकांना शिव्या देऊन शिकवलेलं: मशीन उभं, तर कॉक बंद.

नवमीला म्हटलं, आणखी एकदा चालवून बघू. तर माळी आडवा आला. "आज खंडेनवमी. आज हत्याराला हात लावायचा न्हाई साहेब, पुजायचं." त्याने मशीन पुसलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि रोलरजवळ नारळ फोडला. पाणी इंजिनावर शिंपडलं. मी चडफडत घरी गेलो.

दसऱ्याला सगळी सोसायटी खाली. बायका नटलेल्या, सेक्रेटरी मोबाइल काढून तयार. मी पांढरा शर्ट घालून गेलो, ऐटीत. दोरी ओढली आणि मशीन दुसऱ्या झटक्याला चालू झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माळ्याने हँडल धरलं आणि लॉनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पट्टा असा कापला की बघतच राहावं. दुसऱ्या पट्ट्याच्या मध्यावर मशीन खोकलं, फडफडलं आणि बंद पडलं.

वीस वेळा दोरी ओढली. शर्ट घामाने चिकटला. मागून कुणीतरी म्हणालं, "काका, एखादा बैल आणू का?" आणि सगळे हसले. मी खाली वाकलो, तर इंजिनावर कुंकवाचे आणि नारळाच्या पाण्याचे ओघळ वाळलेले दिसले. झालं. मला माणूस सापडला.

"अरे गाढवा, कार्ब्युरेटरवर नारळ फोडतात का? महिनाभर मी राबलो, त्यात पाणी घातलंस! हा मशीनला हात लावायच्या लायकीचा नाही. याला कात्रीच द्या, नाहीतर घरी पाठवा."

घरी पाठवा, हे मीच म्हणालो. सेक्रेटरीने ऐकलं, मान हलवली. "बघा ना काका, मी तेच म्हणत होतो." माळी लंगडत मशीन ढकलत घेऊन गेला, गळ्यात झेंडूची माळ घातलेलं ते मशीन.

दुपारी मी पंप रूममध्ये गेलो. म्हटलं, पाणी काढून टाकू. कार्ब्युरेटरची वाटी सोडली. आत पाण्याचा थेंब नव्हता, पेट्रोलचाही नव्हता. कोरडी ठणठणीत. हात आपोआप कॉककडे गेला. बंद होता. अष्टमीला मीच बंद केलेला आणि आज उघडायला विसरलेला. वाटीत राहिलेल्या पेट्रोलवर दीड पट्टा चाललं आणि संपलं. शिकाऊ पोराच्याही लक्षात आलं असतं. आणि नारळाचं म्हणाल तर कंपनीत तीस वर्षं आम्ही दर दसऱ्याला कॉम्प्रेसरवर नारळ फोडलाय, एकही कॉम्प्रेसर त्याने मेला नाही.

वाटी बसवली. कॉक उघडला. दोरी हातात घेतली. ओढली असती तर चालू झालं असतं आणि आवाज सगळ्या बिल्डिंगला ऐकू गेला असता. लोक आले असते, काय झालं होतं म्हणून विचारलं असतं. मी दोरी सोडली, कॉक पुन्हा बंद केला आणि दार लावून घरी आलो. बायकोने विचारलं, "सापडलं का काय झालं होतं?" म्हटलं, "पाणी गेलेलं." चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि चोर निवांत चहा पीत बसलेला.

संध्याकाळी बेल वाजली. माळी आणि त्याची बायको, दोघं. धुतलेले कपडे, हातात आपट्याची पानं. परवा गावाला निघणार, सेक्रेटरीने खोली मोकळी करायला सांगितलंय, म्हणाला. आत या, असं मी म्हणालो नाही. त्याने माझ्या हातावर पान ठेवलं आणि दुखऱ्या गुडघ्यांनिशी खाली वाकला, माझ्या पाया पडायला. त्याला वाकायला वेळ लागला. तेवढ्या वेळात मला सांगता आलं असतं.

"साहेब, माज्यामुळं चारचौघांत तुमची इज्जत ग्येली. मला अडान्याला माफ करा."

त्याची बायको माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, "असू दे. केलं माफ."