सुरेखाताईंच्या रक्तातला ठिपका

आमच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने साठतात तसे किस्सेही साठतात. नमुन्यांना फ्रीजर आहे. किस्से डोक्यात राहतात आणि डोकं तापवतात.

आमचं काम संधिवाताचं. काही पेशंटचे सांधे सुजून टम्म असतात, पण संधिवाताच्या नेहमीच्या दोन्ही रक्तटेस्ट निगेटिव्ह येतात. त्यांचं शरीर आपल्याच कुठल्या प्रोटीनवर उलटलंय, ते आम्ही शोधतो. काचेवर शेकडो प्रोटीन लावायची, वर पेशंटच्या रक्तातलं पाणी सोडायचं. अँटिबॉडी जिथं चिकटेल तिथं ठिपका उजळतो.

हे एका परिषदेत सांगितलं, तर मोठ्या शहरातल्या संस्थेचे एक गृहस्थ प्रेमानं म्हणाले, "कोल्हापुरात कशाला त्रास घेता? रक्त तुम्ही पाठवा, शोध आम्ही लावतो!"

लॅबच्या सरकारी तपासणीला आलेल्या एका साहेबांनी तर फ्रीजरचाच प्लग काढून मोबाईल चार्जिंगला लावला. अलार्म कोकलायला लागला, आम्ही धावलो. साहेब म्हणाले, "अहो, बॅटरी संपत आली होती!" वर चहात साखर कमी आहे ही तक्रार.

मग जवळच्या गडमुडशिंगी गावच्या सुरेखाताई. सकाळी त्यांची मूठ मिटत नाही. डॉक्टरांनी संधिवात म्हणून औषध सुरू केलंय, पण घरी सासूबाईंचा एकच धोशा, "रिपोर्टात काय न्हाय, सोंग करतीया." आणि त्याच बोटांनी दोन्ही वेळ म्हशींची धार काढायची.

तुलनेसाठी आम्हाला निरोगी माणसांचंही रक्त लागतं. ताईंच्या नवऱ्याला म्हटलं, "दादा, थोडं द्या की."

"नगं मॅडम, अशक्तपणा येतोय. मग घरातली कामं कोण करणार?"

सुरेखाताई शेजारीच उभ्या होत्या, बाजाराची पिशवी कोपरात अडकवून, कारण ती बोटांनी धरवत नव्हती. मी ट्रे जरा जोरातच आपटला.

पुढे त्यांच्या नमुन्यात एक ठिपका उजळला. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तोच. आमच्या लॅबप्रमुख सरांचा नियम असा की, शोधनिबंध छापून येईपर्यंत पेशंटला अवाक्षर बोलायचं नाही. ताई आल्या आणि काय निघालं विचारलं, तेव्हा सर खिडकीबाहेर बघत राहिले.

"सर, मला कागूद नगं," त्या म्हणाल्या. "सासूबाईस्नी एवढं सांगा, मी सोंग करत न्हाय." आणि फोन लावून स्पीकरवर टाकला.

सरांनी नियम गुंडाळून ठेवला. "आजी, तुमच्या सुनेचा आजार खरा आहे. आम्ही डोळ्यांनी बघितलाय."

पलीकडून सासूबाईंचा आवाज आला, "बरं, असंल. पर धारंच्या वक्ताला येतीया न्हवं ती?"