पहिल्या अल्बममधले माग

जगात रॉक संगीताचे जाणकार ढिगाने असतील. पण आयुष्यात फक्त दोन अल्बम ऐकून तेवढ्या भांडवलावर अख्ख्या सृष्टीची प्रतवारी लावणारा जाणकार एकच, आणि तो म्हणजे सोलापूरच्या भवानी पेठेतले माझे जुने तेलुगू घरमालक. खाली त्यांचा टॉवेलचा कारखाना, त्यावर ते आणि त्यांच्या डोक्यावर आम्ही भाडेकरू. माग दिवसभर असे खडखडायचे की ताटातली भाकरी आपोआप माझ्याकडे सरकत यायची. नवा होतो तेव्हा त्या आवाजाने डोळ्याला डोळा लागत नसे. पुढेपुढे सुट्टीच्या दिवशी माग बंद असले की दुपारची झोप येईना.

दोन्ही अल्बम त्यांच्या मुलाच्या बँडचे. पहिला पोरांनी कारखान्याला लागून असलेल्या सुताच्या खोलीत, लॅपटॉपवर रेकॉर्ड केला. आवाज अडवायला भिंतींना गाद्या लावल्या, दाराच्या फटीत टॉवेल कोंबले, टॉवेलला काही तोटा नव्हता. तरी प्रत्येक गाण्याखाली माग आहेतच. चौथ्या गाण्यात तर ऐन भरात लाईट गेली. माग थांबले, गिटार मुकी झाली, लॅपटॉप तेवढा बॅटरीवर चालू राहिला. ड्रमवाला हटला नाही, मुलगा गात राहिला, आणि भिंतीपलीकडून मालकांचा वैतागलेला आवाज आला, "लाईट गेली की." पोरांनी ते तसंच ठेवलं. पुढे पुण्यातल्या कार्यक्रमांत त्या जागी श्रोतेच एका सुरात "लाईट गेली की" म्हणू लागले, तेव्हापासून मालक स्वतःला बँडचे गायक समजतात.

दुसरा अल्बम पुण्याच्या स्टुडिओत झाला. मालकांनी तो अर्धा ऐकला, चष्मा पुसला आणि निकाल दिला, "तितं लाईट जात न्हाय, म्हणून गाण्यात जीव न्हाय."

मग ही मोजपट्टी सगळीकडे फिरू लागली. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला त्यांनी भर गिऱ्हाइकात सुनावलं, "तुझा चहा आधी पहिला अल्बम होता बे, आता दुसरा झालाय." मालकीणबाईंची शेंगांची चटणी पहिला अल्बम, मिक्सर आल्यावरची दुसरा. मोतीबिंदूच्या दुसऱ्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी कसं दिसतंय विचारलं, तर म्हणाले, "स्वच्छ दिसतंय की. पण पहिल्या डोळ्याची मजा न्हाय ह्येच्यात." बिचाऱ्या डॉक्टरांनी दोन्ही डोळे पुन्हा तपासले. मोहोळला पुतण्याच्या वरातीत डीजेवाल्याला दम देऊन त्यांनी चौथं गाणं लावायला लावलं. लाईट जायची जागा आली, स्पीकरमधून मालकांचा आवाज घुमला, आणि जनरेटरवाला हातातली भज्यांची प्लेट टाकून जनरेटरकडे धावत सुटला. नवरदेव घोड्यावर खोळंबलेला आणि मालक मात्र भर रस्त्यात हसून हसून खाली बसलेले, असा फोटो त्या लग्नाच्या अल्बममध्ये आहे. त्यालाही ते पहिलाच अल्बम म्हणतात.

आम्ही सगळे हसत होतो. मुलाला मात्र हसू येत नव्हतं. दर फोनला तो विचारायचा, "पप्पा, दुसरा पूर्ण ऐकला का?" आणि मालक विषय उन्हावर न्यायचे. एकदा मालकीणबाई जिन्यात मला थांबवून म्हणाल्या, "सर, तुमचं तरी ऐकतात ते. आता पोरगं विचारत बी न्हाय. फोन बी कमी केलाय त्यानं. एक चांगला शब्द बोलायला सांगा की." मी बरं म्हणालो आणि टाळत राहिलो. दरम्यान टॉवेलची मागणी आटली, मालकांचे गुडघे बोलू लागले, माग भंगारात गेले. आमचीही बदली झाली.

गेल्या महिन्यात सोलापूरला गेलो तेव्हा कारखान्याच्या दाराशीच मागांची खडखड ऐकू आली. क्षणभर वाटलं, मालकांनी माग परत घेतले. आत गेलो तर कारखाना रिकामा. जमिनीवर माग उपटल्याचे तेलकट डाग, मधोमध एक खुर्ची, खुर्चीत मालक आणि मांडीवर छोटा स्पीकर. पहिला अल्बम चालू होता.

मी ठरवून गेलो होतो, म्हणून बसायच्या आधीच बोललो, "मालक, दुसऱ्याबद्दल पोराला एक चांगला शब्द सांगा की."

"सर, दुसरा लई चांगला हाय. पूर्ण ऐकलोय मी, कितींदा तरी. पर त्यात माग न्हाईत वो. चांगला म्हणलो तर माग गेले ते बी चांगलं झालं, असं म्हणल्यागत वाटतंय."

आणि तेवढ्यात खरोखरच लाईट गेली. वरचा पंखा थांबला, कोपऱ्यात अंधारलं, गल्लीतून कुणीतरी वीजवाल्यांचा उद्धार केला. स्पीकर बॅटरीवरचा. माग चालूच राहिले. मालक माझ्याकडे बघून लहान पोरासारखे हसले. "बघा सर, लाईट गेली तरी माग बंद न्हाईत."

मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि मुलाला लावला. स्पीकरच्या आवाजात पलीकडचं काही ऐकू येईना. त्यांनी बटणावर बोट ठेवलं, थोडं थांबले, आणि आपल्या हाताने माग बंद केले.

"दुसरा ऐकलो रा," ते म्हणाले, आणि पुढचं तेलुगूत, घरातल्या भाषेत, "चाला बागुंदि." लई चांगला झालाय.