विज्याचं बोट आणि बंदुकीचा स्विच

माझ्या भावाच्या आधी त्याचं बोट मेलं.

उजव्या हाताचं, ट्रिगरवर ठेवायचं. आज विज्याला जाऊन वर्ष झालं, तरी मला आधी ते बोटच आठवतं.

विज्या फौजेत होता. नेमबाजीत कायम पुढे. मग नसांचा आजार निघाला, हातातली ताकद जायला लागली आणि तो कडेगावला घरी आला तो कायमचाच.

सांगलीच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, यावर औषध नाही.

घरी येऊन पठ्ठ्याने काय केलं? एअरसॉफ्टची बंदूक ऑर्डर केली. बॅटरीवर चालणारी, प्लॅस्टिकचे छर्रे मारणारी, खेळातली. परसात तेलाचा रिकामा डबा टांगला. छर्रा लागला की टण्ण!

तो आवाज झाला की त्या दिवशी पोटभर जेवायचा.

थोड्याच दिवसांत ट्रिगर जड जायला लागला.

"आक्का, औषध न्हाई म्हणत्यात. पण हलका स्विच मिळतोय की!"

मग मी, बीए मराठी, व्हिडिओ बघून तारा डाग देऊन जोडायचं सोल्डरिंग शिकले. बोटं भाजून घेतली. ट्रिगरमागचा तांब्याच्या पट्ट्यांचा जुना स्विच काढून हलका इलेक्ट्रॉनिक बसवला.

त्याचं बोट आणखी थकलं की मी ट्रिगरची स्प्रिंग आणखी ढिली करायची. आमची आजाराशी शर्यतच लागली होती. आणि मला ती जिंकायचीच होती.

खंडेनवमीला आईने कोयता, कुऱ्हाड आणि विज्याची बंदूक पाटावर मांडली. हळदकुंकू वाहिलं. नारळ फोडून पाणी शिंपडलं. बंदुकीवर जरा जास्तच, लेकाला गुण यावा म्हणून.

बॅटरी जोडलेलीच होती. सर्किट जळालं.

 आईने त्या दिवशी जेवणाचं ताट बाजूला सारलं.

"माझ्या पाण्यानं त्येचं बोट गेलं का गं?"

मी त्याच रात्री फोनवरून नवा स्विच मागवला.

नवीन पार्ट लवकर येईना. कुरिअरवाल्याला फोन करून करून मी त्याला वीट आणला. इकडे बोट रोज कमी वाकत होतं. त्या दिवसांत मी देवाला हात जोडले आणि शिव्याही घातल्या.

शेवटी पार्ट आला. नुसत्या स्पर्शावर चालणारा, सगळ्यात हलका.

मागच्या दारात त्याची खाट आणली. बंदूक उशीवर टेकवली. बोट ट्रिगरजवळ ठेवून दिलं.

"तू दाबायचं न्हाईस, आक्का."

"न्हाई रं दाबत."

त्याच्या कपाळावरच्या शिरा फुगल्या. बोट हललं नाही. मी मनात ओरडत होते, हल रे, एकदाच हल.

तेवढ्यात परसातून आवाज आला. टण्ण!

बंदूक चाललीच नव्हती. डब्याशेजारच्या गोठ्याच्या भिंतीआडून आईचा हात बाहेर आला होता. हातात लाटणं.

विज्या डब्याकडे बघत राहिला.

"आई, लाटण्याचा आवाज येगळा आस्तोय गं."

आणि हसला. आईने लाटणं पदराआड लपवलं.

पुन्हा त्याने बंदूक मागितली नाही.

यंदा खंडेनवमीला आईने ती बंदूक पाटावर ठेवली. आधी तिला प्लॅस्टिकची पिशवी घातली, वर रबरबँड लावला, आणि मग पाणी शिंपडलं.

माझ्या फोनवर अजून जाहिराती येतात. नवा ट्रिगर, आणखी हलका. मी प्रत्येक उघडून बघते. खुळ्यासारखी.

विज्या, तुझ्या बोटाला झेपेल असा न्हाई मिळाला रं.

जा गड्या. आता हात मोकळा सोड.