धाकलीचा पत्ता

भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावच्या शालू हेडाऊचं घर विणकराचं. वडील भैय्यालाल मागावर करवतकाठी लुगडी विणायचे आणि गावात दंडारीचं, म्हणजे तिकडच्या नाचगाण्याच्या लोकनाट्याचं, मंडळ उभं राहिलं की त्यात पेटी वाजवायला जाऊन बसायचे. शालू मोहाडीला संगणकाच्या क्लासात शिकवायची. क्लास सुटल्यावर तिथंच बसून ती प्रोग्रॅमिंग शिकली, कुणी न सांगता.

वडिलांच्या बोटांत वात शिरला आणि पेटी कपड्यात गुंडाळून कोनाड्यात गेली, तेव्हा शालूनं मनावर घेतलं. हा आवाज संगणकात उतरवायचा. दुपारी आळीतले माग जेवणापुरते थांबत. तेवढ्या शांततेत भैय्यालाल एकेक पट्टी दाबत, आधी हलकेच, मग जोरात, आणि शालू श्वास रोखून ते रेकॉर्ड करी. सगळ्या पट्ट्या व्हायला अठरा दिवस लागले. त्यातून तिनं एक प्लगइन बनवलं, म्हणजे संगणकावर गाणं बांधणाऱ्याला आपल्या गाण्यात जोडून घेता येईल असं वाद्य. ते तिनं इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवलं.

अशा प्रत्येक प्लगइनला जगात दुसऱ्या कुणाचं नसेल असं एक ओळखनाव लागतं. ते दिसतं वेबसाइटच्या पत्त्यासारखं, पण तिथं पान उघडायलाच हवं असं काही नाही. संगणक फक्त अक्षरं जुळवून पाहतो. शालू ज्या धड्यावरून हे शिकली होती, त्यात नमुन्याचा एक पत्ता दिला होता. तिनं तो जसाच्या तसा उतरवला. एका ओळीनं काय बिघडतं, असं तिला वाटलं.

आठ महिन्यांनी पोर्तुगालमधल्या एका संगीत शिक्षिकेचं पत्र आलं. तिनं शाळेच्या मुलांसाठी गाणं बांधलं होतं, आणि त्यात शालूची पेटी होती. नवा संगणक घेतल्यावर तिनं ते गाणं उघडलं, तर पेटीच्या जागी ढोलाचा धडधडाट ऐकू आला. कुठल्याशा दुसऱ्या शिकाऊनंही धड्यातला तोच पत्ता आपल्या ढोलाला दिला होता, आणि तो ढोलही तिनं नव्या संगणकावर घेतला होता. एका नावाची दोन वाद्यं, आणि संगणकाला आधी सापडलं ते त्यानं वाजवलं.

शालूनं पत्र तीनदा वाचलं. चूक कळली तशी मान खाली गेली. पण त्याहून मोठं काही तरी तिच्या अंगावर आलं. गाण्याच्या फाइलीत पेटी नसतेच मुळी. कुठला सूर कधी वाजवायचा ते असतं, आणि पेटीची म्हणून ही एवढीशी ओळ असते. हजारो कोसांवरच्या एका वर्गातली पोरं आणि आंधळगावातली ही पेटी, यांच्यामध्ये तेवढाच दुवा होता.

“काय झालं वो? चूप काहून बसली?” भैय्यालालनं विचारलं.

“बाबा, पेटीचं नाव चुकवलं मी. आता असं नाव पाहिजे का ते दुनियेत कोणाचंच नसन, आन् कधीच बदलवायचं नाही.”

“कधीच?”

“कधीच. बदलवलं का त्याच्यावर बांधलेले सारे गाणे मुके होतात.”

 त्या दिवसापासून भैय्यालाल रोज विचारू लागले, नाव सापडलं का म्हणून.

आधी शालूला वाटलं, विणकर संस्थेच्या वेबसाइटच्या नावावर पत्ता घ्यावा. ती वेबसाइट तिची चुलतवहिनी रिता सांभाळायची. रितानं साफ नाही म्हटलं. “उद्या कमिटी बदलली का वेबसाइटचं नाव बी बदलन. जे तुह्या हातात हाये, त्याच्यावरच घे.”

ते पटलं. शालूनं स्वतःच्या नावाचं डोमेन नोंदवलं. पण त्यापुढं काय लिहायचं? आवृत्तीचा आकडा टाकावा, तर नवी आवृत्ती निघाली की जुनी गाणी अडकणार. नुसतं ‘हार्मोनियम’ लिहावं, तर उद्या दुसरी पेटी केली की तिला काय म्हणायचं? वहीचं पान लिहून लिहून, खोडून खोडून भरलं. शेवटी तिनं वडिलांनाच विचारलं, “मंडळात हिले काय म्हणत होते?”

“धाकली,” भैय्यालाल म्हणाले. “थोरली मंडळाची होती. हे आपली धाकली.”

शालूनं ‘धाकली’ ही अक्षरं इंग्रजी लिपीत टाइप केली, आणि नवं प्लगइन इंटरनेटवर चढवण्याचं बटण दाबण्याआधी एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचली.  मग जुन्या गाण्यांच्या फाइलीत जुना पत्ता शोधून नवा घालणारा एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला आणि तो त्या शिक्षिकेला धाडला.

चौथ्या दिवशी उत्तर म्हणून गाणंच आलं. पोरांचे कोवळे आवाज, भाषा अनोळखी, आणि त्याखाली पेटी. भैय्यालाल मागावर होते. त्यांच्या हातातला धोटा थांबला.

“हा भाता आपला होय,” ते हळूच म्हणाले. “आयक, सूं करते. तिथं मी चामड्याचा तुकडा लावला होता.” त्यांनी स्वतःच्या वाकड्या बोटांकडं पाहिलं, मग त्या लहानशा स्पीकरकडं. “ते पोरं कोण्या गावचे होत म्हणाली?”

शालूनं नकाशा काढून दाखवला. भैय्यालालनं भंडाऱ्यापासून त्या गावापर्यंत बोट फिरवलं. मधे वाळवंट आलं, समुद्र आले. बोट पोचायला बराच वेळ लागला.

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. शालूनं त्या धड्याच्या लेखकाला लिहिलं आणि त्यानं नमुन्याखाली ठळक अक्षरांत सूचना घातली, हा पत्ता उतरवू नका, स्वतःचा घ्या. धाकलीच्या पाच आवृत्त्या निघाल्या. आवाज सुधारला, बटणं बदलली, आतला जवळजवळ सगळा प्रोग्रॅम नव्यानं लिहिला गेला. ती ओळ मात्र तशीच आहे. गेल्या महिन्यात जपानमधून कुणी विचारलं, धाकली म्हणजे काय? शालूनं उत्तर लिहायला घेतलं आणि वडिलांना हाक मारली.