तोंडावर बोलणाऱ्या धानकेबाई

कुंडलिक हरड सरांना तालुक्यातला एकही शिक्षक धड वाटत नसे. केंद्रप्रमुख आले की खुर्ची पुसायला धावणारे, मुलांच्या हातात झाडू देऊन फोटो ग्रुपवर टाकणारे आणि त्या फोटोखाली जोडलेले हात पाठवणारे, सगळे त्यांच्या लेखी एकाच लायकीचे. टोकावड्याच्या वरच्या अंगाला, वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेत ते पंधरा वर्षं होते आणि आपण त्या लोकांतले नाही याचा त्यांना भारी तोरा होता.

गिरजा धानके तिथं बदलून आल्या. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत, डबा उघडायच्या आधी त्या म्हणाल्या, "सर, मघापासून भिंतीपलीकडून ऐकतेय. तुमी शिकवत नाय, दरडावता. पोरं भिऊन पाठ करतात."

सर आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. मग सतराचा पाडा घडाघडा म्हणणाऱ्या भाविकाला त्यांनी विचारलं, "एका ओळीत भाताची सतरा रोपं, अशा आठ ओळी. रोपं किती?" पोर त्यांच्या हाताकडे बघत राहिली, छडी कधी उठते ते पाहत. दुसऱ्या दिवशी सरांनी ती छडी खिचडीच्या चुलीत घातली.

पुढं एका वर्षी सरांनीच आदर्श शिक्षक पुरस्काराची फाइल केली. लोकांना नावं ठेवणाऱ्यालाही हार हवाच होता. बाईंनी वृक्षारोपणाच्या फोटोवर बोट ठेवलं. "यातला एकच आंबा जगला होता. तोबी वाडीतल्या नवशाच्या शेळीनं खाल्ला."

फाइल कपाटातच राहिली. पुरस्कार धसईकडच्या जयराम गुरुजींना मिळाला. त्यांच्या फोटोतली रोपं तर अजून नर्सरीच्या पिशवीतच होती. सर महिनाभर जयरामांची टर उडवत राहिले. शेवटी बाई म्हणाल्या, "फाइल तुमी पन केली होती, सर." तरी घरी निघताना एसटीत त्यांनी बाईंसाठी जागा धरली.

सात वर्षांनी बाईंची बदली खर्डीकडच्या मोठ्या शाळेत झाली. सर सुट्टीत मुरबाडहून शहापूर आणि तिथून पुढं, गाड्या बदलत त्यांना भेटायला जायचे. एकदा शनिवारी रजा टाकून ते शाळा सुटायच्या आधीच पोचले आणि ओट्यावर बसले. वर्गात मुलीनं काही विचारलं, बाईंनी भलतंच उत्तर दिलं. वर्ग हसला. ओट्यावरचे दोन शिक्षकही हसले. "रोजचंच आहे," एकजण सरांना डोळा मारत म्हणाला. "आम्ही मुद्दाम हळू बोलतो."

सरांना किळस आली. हेच लोक जिल्ह्याच्या ग्रुपवर बाईंना 'मार्गदर्शक' म्हणत होते.

शाळा सुटल्यावर बाईंसोबत स्टेशनकडे जाताना सर वाटेत थांबले. "बाई, तुमाला ऐकू कमी येतंय. पोरं हसतात. मास्तरबी हसतात."

बाईंनी पुन्हा सांगायला लावलं. सरांनी मोठ्यानं सांगितलं.

"मला कोनी बोललं नाय," बाई म्हणाल्या.

"त्यांची करमणूक होते. ते कशाला सांगतील?"

बाईंचा चेहरा उतरला. चहाही न घेता त्या निघून गेल्या. सरांना वाटलं, इतक्या वर्षांची मैत्री संपली. पाचव्या दिवशी फोन आला. "कल्याणला कानाचा डॉक्टर हाय म्हनं. सोबत चला."

कानाला यंत्र बसलं, पण बाईंनी शाळेत कुणाला सांगितलं नाही. केस कानावरून घेतले आणि शिक्षकांच्या खोलीत वह्या तपासायला बसल्या. पाठीमागून तोच डोळा मारणारा शिक्षक पुटपुटला, "म्हातारी आज नटून आलीय."

"केस विंचरलेत फक्त," बाई मान वर न करता म्हणाल्या. "तुमच्या तासाची घंटा होऊन धा मिन्टं झाली, जावा." मग त्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं.

संध्याकाळी त्यांनी हे सरांना फोनवर सांगितलं. त्या माणसाचं तोंड कसं झालं होतं, ते सरांनी दोनदा वदवून घेतलं.